साडेचार इंची शेजार

बाहेरगावी कोणी "आपण कुठले?" असे विचारले आणि मी "हिंडलग्याचा" म्हणून सांगितले की समोरचा माणूस क्षणभर घुटमळतो. "म्हणजे ते जेल आहे तेच का?" १९२३ साली बांधलेल्या त्या कारागृहाने आमच्या गावाला जी कीर्ती मिळवून दिली ती पुसणे आता कोणाच्या हाती नाही. विचारणारा सीमाभागातला असला तर त्याला दुसरा हिंडलगा आठवतो. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात जे गोळीबारात पडले त्यांचे स्मारक आमच्या गावात आहे आणि दर वर्षी १ जूनला आम्ही तेथे जमतो. त्या साली मी नुकताच एसएसएलसी झालो होतो. त्या दिवसांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे.

मी लिहिणार आहे तो हिंडलगा तिसरा. वेंगुर्ला रस्ता सोडून आत वळले की गावठाण मागे पडते आणि सरकारी योजनेतून बांधलेल्या घरांच्या रांगा लागतात. सगळी घरे एकाच साच्याची. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि संडास, पुढे चार पावलांचे अंगण. दोन घरांच्या मधे एकच भिंत, तीही साडेचार इंची. विटेच्या रुंदीएवढी. या बाजूला दिनदर्शिका लावायला खिळा ठोकला तर त्या बाजूचे प्लास्टर पडते. पलीकडे कोणाला खोकला झाला आहे, कोणाचे परीक्षेचे पाठांतर चालले आहे, भाकरी थापताना आज हात जड आहे की हलका, हे सगळे अलीकडे कळते. अशा घरात मी गेली एकोणीस वर्षे राहतो.

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. आमच्यासारख्यांनी ते बांधले नाही, सोडतीत मिळवले. डब्यातून चिठ्ठी निघाली, त्या चिठ्ठीवर घराचा नंबर होता आणि घराबरोबर शेजारही लागला. गावठाणात शेजारी म्हणजे भाऊबंद. त्यांचे भांडण बांधावरून असो की पन्हळीच्या पाण्यावरून, ते तीन पिढ्यांचे असते आणि ते सोडवणारेही ठरलेले असतात. गल्लीचे पंच असतात, देवळाचा कट्टा असतो, "तुझ्या बापाला मी ओळखत होतो" असे म्हणू शकणारा एखादा म्हातारा असतो. वसाहतीत यातले काहीच नाही. आमच्या रांगेत निपाणीकडचे एक कुटुंब आहे, बैलहोंगलचे एक, दोन चंदगडकडची, एक कारवारचे आणि आम्ही गावचे म्हणवणारे तिघे-चौघे. कोणाच्या बापाला कोणी ओळखत नाही.

महाराष्ट्रात म्हाडाच्या इमारतींतून पुढे सहकारी गृहनिर्माण संस्था होते. १९६० च्या सहकार कायद्याखाली तिचा अध्यक्ष असतो, सचिव असतो, पोटनियम असतात. अध्यक्ष हा बहुधा शिव्या खाण्यासाठीच नेमलेला असतो, पण निदान शिव्या द्यायला एक दार असते. आमच्याकडे अशा बैठ्या घरांना बहुधा संस्था नाही. हप्ते फिटले, खरेदीपत्र झाले, की घर देणाऱ्याचा संबंध संपला. त्यानंतर भिंतीपलीकडच्या माणसाने तुमची झोप उडवली तर तुम्ही आणि तो, मधे कोणी नाही.

आपल्या साहित्याने या विषयाचे जरा लाडच केले आहेत. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून शेजाऱ्यांची भांडणे म्हणजे हसण्याची गोष्ट, असे मराठी माणसाच्या मनात पक्के बसले. (पु. ल. काही काळ आमच्या बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, हे येथे अभिमानाने नमूद करतो.) माझे चुलते मुंबईत गिरणीत होते. डिलाइल रोडच्या बी.डी.डी. चाळीतल्या एका खोलीत गावाकडची पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. त्यांच्या आठवणीतली चाळही पु. लं.च्या चाळीसारखीच गोड होती. पण खोदून विचारले तर सांगत की रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा झोप मिळावी म्हणून गॅलरीत पोरांना ओरडू देत नसत आणि त्या नियमावर प्रसंगी मारामारीसुद्धा होई. नियम होता आणि तो मोडणाऱ्याला गॅलरीतल्या सगळ्यांना तोंड द्यावे लागे, हा त्या गोडीतला महत्त्वाचा भाग आपण विसरतो.

आता आमच्या रांगेतली गोष्ट. नावे कोणाचीच सांगत नाही.

शेवटून दुसऱ्या घरात एक तरुण राहतो. मराठी, आमच्याच शाळेत शिकलेला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा पण मनाने वाईट नसलेला. उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला आहे. आई-वडील गावठाणात, हे घर वडिलांच्या नावचे, लग्न व्हायचे आहे. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्याने मोठे साऊंड बॉक्स आणले. आमच्या भागात मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या यंत्राला 'डॉल्बी' म्हणतात. हे त्याचेच धाकटे भावंड. रात्री साडेअकराला तो सुरू करी आणि एक-दीडपर्यंत चाले. मग मित्र जमू लागले. रस्त्यावर मोटारसायकल आडवी लावून तिच्या सीटवर बारा वाजता वाढदिवसाचा केक कापणे, फटाक्यांची माळ, बाटल्या. सकाळी बाटल्या गटारीत. पावसाळ्यात त्याच बाटल्यांना प्लास्टिक अडकते, गटार तुंबते आणि पाणी उताराच्या टोकाला असलेल्या घरात शिरते. त्या घरात एक विधवा बाई एकटीच राहते. सगळी रांग तिला आक्का म्हणते. कन्नडमध्ये 'नेरे' म्हणजे शेजार आणि 'नेरे' म्हणजे पूरही. आक्काच्या उंबरठ्यावर उभे राहिले की त्या भाषेने दोन्हींसाठी एकच शब्द का ठेवला असावा ते कळते.

आणि भिंतीला लागून अज्जा. अज्जा बैलहोंगलचे, कन्नड. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, बरीच वर्षे बेळगाव-कोल्हापूर गाडीवर, त्यामुळे मराठी अस्खलित, तीही कंडक्टरची मराठी. पाहुण्यालासुद्धा "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत घरात घेत. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि खाट धरावी लागली. ती खाट त्या साडेचार इंची भिंतीला टेकलेली, कारण खोलीत दुसरीकडे ती मावतच नाही. त्यांची नात त्या वर्षी एसएसएलसीला होती. बॉक्स सुरू झाला की अज्जांच्या उशाची भिंत थरथरे. हात लावून मी ते स्वतः पाहिले आहे. मुलगी पुस्तक घेऊन मागच्या न्हाणीत जाऊन बसे. अज्जांच्या मुलाला मी म्हटले, तक्रार करा. तो म्हणाला, "बिडरी सर, नम्म हणेबरह." सोडा सर, आमच्या कपाळीच लिहिलेले. आणि मग जरा थांबून मराठीत म्हणाला, "आम्ही कम्प्लेंट दिली तर उद्या कन्नड-मराठी होईल."

मला या लेखात जे सांगायचे आहे ते एवढ्याच एका वाक्यात आहे. आमच्या भागात उपद्रवाला भाषेचा आडोसा मिळतो. दुसऱ्या गावात रात्री बाराला बॉक्स लावणारा माणूस नुसता बॉक्स लावणारा असतो. येथे तो अर्ध्या रात्रीत 'आपला माणूस' होतो आणि ज्याची झोप मोडली तो 'त्यांच्यातला'. मी आमच्या रांगेतल्या मराठी घरांत फिरलो तेव्हा हेच ऐकले. "पोरगा जरा जास्तच करतो, पण आपलाच आहे." "आपली भांडणे त्यांच्या ठाण्यात कशाला न्यायची?" एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी तर मला बाजूला घेऊन सांगितले की, मुख्याध्यापकाने मराठी पोराला पोलिसात दिले असे उद्या छापून येईल, तुमचे तुम्ही बघा. हेच गृहस्थ तीन वर्षांपूर्वी एका कन्नड घरातून रात्री भजनाचा कर्णा लागत होता तेव्हा स्वतः माझ्याकडे कागद घेऊन आले होते आणि "कडक लिहा" असे बजावून गेले होते. कन्नड बाजूलाही असे गृहस्थ आहेत, याची खात्री असू द्या. आडोसा दोन्ही बाजूंना सारखाच मिळतो. उघड्यावर पडतात ती आक्कासारखी माणसे. ती मराठीच आहे, पण 'आपला माणूस' मोजताना तिला कोणी मोजले नव्हते.

मग अर्ज लिहायचे ठरले. मुख्याध्यापकाच्या आयुष्यात अर्ज लिहिणे हे अध्यापनापेक्षाही मोठे काम असते. दाखल्याचा, रेशनचा, विजेच्या बिलाचा, सोयरिकीत फसल्याचासुद्धा अर्ज मी लिहिलेला आहे. पण या अर्जाची भाषा कोणती, यावर माझ्या अंगणात दोन संध्याकाळ चर्चा झाली.

मराठीत लिहा, तो आपला हक्क आहे, असे एक मत. हे खरेच आहे. राज्यघटनेचे ३५० वे कलम सांगते की कोणाही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. याच्या पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ आणि ३५० ब ही कलमे आली. त्यांतले पहिले मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाचे, दुसरे भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे. त्या आयुक्तांचे एक विभागीय कार्यालय बेळगावात बरीच वर्षे होते, त्यामुळे ३५० ब आमच्याकडे पुष्कळांना तोंडपाठ आहे. मूळ ३५० मात्र फारसे कोणी उच्चारत नाही. कदाचित ते साधे गाऱ्हाण्याचे कलम आहे म्हणून असेल. निवेदन देण्याचा हक्क त्यात आहे. उत्तर त्याच भाषेत द्यावे असे मात्र त्यात लिहिलेले नाही.

दुसरे मत व्यवहाराचे. कागद ज्याच्या टेबलावर जाणार त्याला तो वाचता आला पाहिजे. मला दोन्ही मते पटली आणि मी पानाच्या मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. कन्नड बाजू आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंनी लिहून दिली. लिहिताना एक गंमत झाली. मी 'तक्रार' लिहिले होते. बाई म्हणाल्या, "सर, आमच्यात 'तकरारु' म्हणजे वाद, हरकत. तुम्हाला म्हणायचे ते 'दूरु'." म्हणजे शब्द एकच, पण त्यांच्या कानाला तो भांडणासारखा लागतो. आमच्या जिल्ह्यात सत्तर वर्षे काय चालले आहे ते या एका शब्दात आले, असा विचार त्या वेळी मनात येऊन गेला. असो. 'अर्ज' आणि 'अर्जी' मात्र दोन्हीकडे एकच निघाले.

मजकुरात मी एक नियम पाळला. कोणाची जात, भाषा, पक्ष, वळण, चारित्र्य, यातले काही लिहायचे नाही. फक्त काय घडते, कोठे घडते, किती वाजता घडते. येथे अज्जांच्या नातीची वही कामाला आली. न्हाणीत बसल्या-बसल्या तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर रोजची वेळ टिपून ठेवली होती. सुरू ११.३५, बंद १.१०. सुरू ११.५०, बंद १२.५५. अशा तेवीस रात्री. मी तिला असे करायला सांगितले नव्हते. तिचे तिलाच सुचले. मी पंचविसावर वर्षे विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतो आहे, एवढी उपयोगाची नोंद असलेली वही दुसरी आठवत नाही.

कायदा आहे, आणि तो वाटतो तितका दुबळा नाही. सार्वजनिक उपद्रवाला १८६० च्या दंडसंहितेत २९० व्या कलमाखाली जास्तीत जास्त दोनशे रुपये दंड होता. दीडशेहून अधिक वर्षे तो तेवढाच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या २९२ व्या कलमाने तो हजारावर नेला. पण आवाजाच्या बाबतीत याहून नेमका नियम २००० सालचा ध्वनिप्रदूषण नियम आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. खाजगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात यावर सविस्तर लिहिले आहे. ऐकणे हा ज्याच्या त्याच्या खुशीचा भाग आहे, दुसऱ्याला ऐकायला लावण्याचा हक्क कोणाला नाही, असा त्याचा सारांश सांगता येईल. गटारीसाठी तर १९८० चा रतलामचा निकाल आहे. तेथल्या रहिवाशांनी वाहत्या घाणीविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली, नगरपालिकेने पैसे नाहीत म्हणून सांगितले, आणि ते कारण चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. हे सगळे मी अर्जात घातले नाही. अर्ज एका पानाचा असावा. दुसरे पान कोणी उलटत नाही, हा माझा शिक्षणखात्यातला अनुभव.

चौदा घरांपैकी नऊ घरांच्या सह्या मिळाल्या. पाच मराठी, चार कन्नड. पहिली सही माझी, दुसरी आक्काची. ती सही करू शकते हे रांगेतल्या काही जणांना तेव्हा प्रथमच कळले. ठाण्यात कागद दिला तर हवालदारांनी डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली आणि काळजीने विचारले, "सर, हे बॉर्डर मॅटर आहे काय?" मी म्हटले, "नाही हो, भिंतीचे मॅटर आहे." ते मनापासून हसले आणि पोच दिली. ग्रामपंचायतीतही एक प्रत दिली, तेथलीही पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असे म्हणू नये.

त्याच आठवड्यात एका रात्री तो माझ्या दारात आला. आत बोलावले तरी आला नाही, अंगणातच उभा राहिला.

"सर, तुम्हीसुद्धा त्यांच्याकडनं?"

"त्यांच्याकडनं म्हणजे कोणाकडनं? सह्यांत आक्का आहे."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "एक जूनला स्मारकावर खुर्च्या कोण लावतं सर? मी लावतो. बॅनर कोण बांधतं? मग आज माझ्यावर अर्ज?"

मी त्याला सांगितले की खुर्च्या तू लावतोस हे मला ठाऊक आहे आणि ते मी विसरणार नाही. पण ज्यांच्यासाठी त्या खुर्च्या लावतोस ती माणसे आपल्या भाषेचा हक्क मागत होती, दुसऱ्याच्या उशाशी बॉक्स लावायचा नव्हे. हे बोलताना माझा आवाज शाळेतल्यासारखा चढला असावा, कारण आतून घरच्या मंडळींनी चहा झाला असल्याचे उगीचच सांगितले.

मग तो जे बोलला ते मात्र ऐकून घेण्यासारखे होते. त्याची सेकंड शिफ्ट. दुपारी तीन ते रात्री अकरा. फौंड्रीत मोल्डिंगच्या यंत्रांचा धडधडाट आठ तास. "सर, तुमची संध्याकाळ सहाला होते, माझी साडेअकराला. घरी आल्यावर कानात ते तसंच वाजत राहतं. बारीक लावलं तर मला ऐकूच येत नाही." तो बहाणा करीत नव्हता. त्या कामावरच्या माणसांच्या कानांवर परिणाम होतो, ही जाणती गोष्ट आहे. अज्जांची रात्र आणि त्याची संध्याकाळ एकाच साडेचार इंची भिंतीच्या दोन बाजूंना येऊन ठेपली होती आणि घरे बांधताना, वाटताना कोणी त्याचा विचार केला नव्हता, करण्याचे कारणही नव्हते. तरी माझे म्हणणे बदलले नाही. त्याला करमणूक हवी हे मान्य, ती अज्जांच्या उशाला नको. कानाला लावायचे यंत्र मिळते, ते घे, आणि आधी कान तपासून घे, असे मी म्हटले. तो काही न बोलता निघून गेला.

दोन पोलीस येऊन गेले. पंचनामा वगैरे काही नाही. वहीतल्या वेळा वाचून दाखवल्या आणि पुन्हा कागद आला तर बॉक्स घेऊन जाऊ, असे सांगितले. त्या दिवसापासून रात्रीचा आवाज थांबला. पण तोपर्यंत अज्जांना मुलीकडे बैलहोंगलला नेले होते. दोन महिने ते तेथे राहिले. हप्ते फेडून स्वतःच्या नावावर केलेल्या घरातून, केवळ झोपेसाठी. दसऱ्याला परत आले. नात पास झाली. मार्क तिच्या अपेक्षेपेक्षा कमी पडले आणि विज्ञान शाखेचा विचार तिने सोडून दिला. याचा बॉक्सशी किती संबंध लावायचा हे मी ठरवू शकत नाही, पण तिची ती वही माझ्याकडे आहे.

माझी थोरली बहीण चंदगड तालुक्यात दिलेली आहे. शिनोळीची हद्द ओलांडली की महाराष्ट्र, आणि आमच्यापासून ती हद्द अशी काही लांब नाही. ती म्हणाली, "आमच्याकडे हे तंटामुक्तीत मिटलं असतं." २००७ च्या १५ ऑगस्टला महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या, तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसे मिळाली. त्या समित्यांचा जोर पुढे पुष्कळ ठिकाणी ओसरला, आणि काही तंटे मिटवले गेले तर काही नुसते दडपले गेले, हेही तिनेच सांगितले. तरी गावात एक बसायची जागा झाली. सीमाप्रश्नाचा निकाल लागून आम्ही त्या बाजूला गेलो तर गटार तुंबायची थांबेल असे मी मानत नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यात आमच्या गटारीचा उल्लेख नसावा. पण तशी बसायची जागा आम्हाला हवी, ही तिची गोष्ट खरी.

लांबच्या देशांत यासाठी काय काय केले आहे ते वाचताना मौज वाटते. इंग्लंडात नगरपालिकेच्या घरांत राहणारे लाखो लोक आहेत आणि घर पालिकेचेच राहत असल्याने उपद्रवी भाडेकरूला कोर्टामार्फत बाहेर काढता येते. १९९८ साली तेथे अशा वागणुकीविरुद्ध खास आदेशांचा कायदा झाला, २०१४ साली तो बदलून नवा आला. त्यात एक चांगली सोय आहे. सहा महिन्यांत तीनदा तक्रार करूनही काही झाले नाही तर सगळ्या खात्यांना एकत्र बसून त्या प्रकरणाचा फेरविचार करायला लावता येते. आमच्याकडे तीनदा तक्रार करणाऱ्याचाच फेरविचार होतो.

सिंगापूरचे उदाहरण आमच्या अधिक जवळचे. तेथे दहांतली जवळजवळ आठ माणसे सरकारने बांधलेल्या इमारतींत राहतात आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचे प्रमाण ठरवून दिलेले आहे. एका जमातीची वेगळी वस्ती होऊ नये म्हणून. म्हणजे शेजार सोडतीवरही सोडलेला नाही, मोजून दिलेला आहे. तरी भांडणे होतातच. २०११ साली तेथे एक प्रकरण गाजले. चीनहून आलेल्या एका कुटुंबाने भारतीय शेजाऱ्याच्या रश्श्याच्या वासाची तक्रार केली. मध्यस्थांनी तडजोड केली की शेजारी घरात नसतील तेव्हाच भारतीयांनी रस्सा करावा. ही बातमी फुटल्यावर देश खवळला आणि हजारो लोकांनी एक रविवार ठरवून घरोघरी रस्सा शिजवायचे जाहीर केले. वाचताना मला आमच्या रांगेतला बोंबलाचा वास आणि त्यावरून एका शाकाहारी घराने लावून घेतलेल्या खिडक्या आठवल्या. आमच्याकडे त्यावर तोडगा निघाला तो असा की बोंबील भाजायचे ते दुपारी, मागच्या अंगणात, आणि आधी हाक मारून सांगायचे. तो आक्काने काढला. कोणत्याही मध्यस्थ केंद्रात ती गेलेली नव्हती.

वास आणि आवाज यांत मात्र मी फरक करतो. रस्सा हा रोजचा स्वयंपाक आहे, त्याने भिंत थरथरत नाही. शेजाऱ्याने थोडे सोसावे, त्याशिवाय एका भिंतीत दोन घरे राहू शकत नाहीत. पण सोसण्याची पाळी एकाच बाजूवर वर्षभर येत असेल तर त्याला शेजारधर्म म्हणू नये.

तो आता मला पाहिले की मोटारसायकलचा वेग कमी करतो, मान मात्र वळवीत नाही. या १ जूनला स्मारकावर खुर्च्या त्यानेच लावल्या होत्या. मला एक पुढे ओढून दिली आणि दुसऱ्या रांगेकडे निघून गेला. बाटल्या गटारीत पडणे कमी झाले आहे, बंद नाही. त्या सगळ्या त्याच्याच नसतात हेही आता कळले आहे. रांगेतली दोन प्रतिष्ठित घरे पहाटे पिशवीतून आणून टाकतात, एक मराठी, एक कन्नड.

गटारीसाठी वेगळा अर्ज दिला, पुन्हा मध्ये रेघ मारून. या वेळी बारा सह्या झाल्या. पावसाळ्यात आक्काच्या घरात दोनदा पाणी आले, तिने तांदळाचा डबा माळ्यावर चढवून ठेवला आहे. अर्ज अजून पंचायतीत आहे. पोच माझ्याकडे आहे.